अकरा नंबरच्या झाकणावरची चिठ्ठी

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "सुधाकरराव, तुमच्या कामातलं काहीतरी हलकंफुलकं लिहून द्या. कॉम्प्युटरवाल्यांच्या गमती लोक आवडीनं वाचतात." मी हो म्हणालो. एक गंमत आहे, ती आधी सांगून टाकतो. पण लिहायला बसल्यावर लक्षात आलं की माझ्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीतली जी गोष्ट मला लिहायची आहे ती हलकी नाही. ज्या बाईंची ती आहे त्यांना विचारून लिहितो आहे. त्यांचं नाव मात्र बदललं आहे.

राज्य नवं झालं आणि रायपूर राजधानी झालं तेव्हा शंकर नगरात दर महिन्याला एक नवं ऑफिस उघडत होतं. घरमालक खालचा मजला रिकामा करायचे, बाहेर पाटी लागायची, आत चार टेबलं आणि दोन कॉम्प्युटर. अशाच एका ऑफिसात मला काम मिळालं. हे ऑफिस हवेची तपासणी करायचं. कुठे किती धूळ आहे हे मोजायची यंत्रं घरांच्या छतांवर ठेवायची, वर्षभर मापं घ्यायची आणि अहवाल द्यायचा. मोजणारी माणसं वेगळी. माझ्याकडे त्यांचे लॅपटॉप होते. सुरुवातीला चार, मग नऊ, शेवटी एकोणीस.

सगळ्यांवर मी लिनक्स टाकलं. कारण साधं होतं. त्या काळी उरला या कारखान्यांच्या भागात एक चक्कर मारून आलेला पेनड्राइव्ह व्हायरस घेतल्याशिवाय परत येत नसे, आणि लिनक्सवर त्यांचं काही चालत नसे. पण लोकांना सवय विंडोजची. आमचे हिशेबनीस तिवारी भैया पहिल्या दिवशी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "भैया, मेरा डी कहाँ गया? सी भी नहीं है." मी समजावलं की इथे विंडोजसारखे सी आणि डी कप्पे नसतात. ते दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी डेस्कटॉपवर एक फोल्डर केलं, त्याला नाव दिलं 'डी', आणि निवृत्त होईपर्यंत सगळं त्यातच ठेवलं. ही झाली गंमत.

आता तिवारी भैयांना जे सांगितलं नाही ते वाचकांना सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

लॅपटॉपला एकापेक्षा जास्त डिस्का जोडल्या की त्याला त्या ओळखाव्या लागतात. लिनक्स त्यांना सापडतील त्या क्रमानं नाव देतं. पहिली सापडली ती ए, दुसरी बी, तिसरी सी. दवाखान्यात टोकन मिळतं तसं. आज तुम्ही तीन नंबर आहात म्हणून उद्याही तीन नंबर असाल असं नाही. टोकन हे तुमचं नाव नव्हे. डिस्कचं खरं नावही असतं, कारखान्यातून येतानाच मिळालेलं. ते वीस-पंचवीस अक्षरांचं, आकडे आणि अक्षरं मिसळलेलं असतं आणि डिस्क कुठेही, कशीही लावली तरी बदलत नाही. शहाण्या माणसानं डिस्कला त्या नावानं हाक मारावी.

मी टोकननं हाक मारत होतो.

आमची पद्धत अशी होती. प्रत्येक मोजणाऱ्याजवळ दोन बाहेरच्या डिस्का. एकीवर यंत्राची मापं, दुसरीवर त्यांची नक्कल. लॅपटॉपच्या आतली डिस्क ए, मग आधी मापाची लावायची म्हणजे ती बी, नंतर नकलेची म्हणजे ती सी. मग मी लिहिलेली एक आज्ञा चालवायची. ती बी जशीच्या तशी सीवर उतरवायची. जशीच्या तशी म्हणजे खरोखरच तशी. भरलेली जागा तर उतरायचीच, रिकामी जागाही रिकामी म्हणून उतरायची. नुसत्या फायली नकलल्या की एखादी राहून जाते, आणि मला राहून गेलेलं चालत नाही. हा माझा स्वभाव. घरी दुधाची बाटली किती वाजता आली हेही मी कॅलेंडरवर लिहीत असे, आणि आमची मंडळी त्यावरून मला बोलायची.

प्रत्येक लॅपटॉपच्या झाकणावर मी आतल्या बाजूनं एक चिठ्ठी चिकटवली होती. आधी माप, मग नक्कल, मग आज्ञा. एकोणीस लॅपटॉप, एकोणीस चिठ्ठ्या, सगळ्या एकाच मापाच्या, एकाच जागी. कुठलाही लॅपटॉप उचला, सगळं सारखं. मला त्याचा अभिमान होता.

डिस्कचं खरं नाव वापरावं हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. मी हिशेबही केला होता. एकोणीस लॅपटॉप, दोन-दोन डिस्का, म्हणजे अडतीस नावं. एकेका नावाला दहा मिनिटं. तीनशे ऐंशी मिनिटं, म्हणजे सहा तास वीस मिनिटं. पण मग प्रत्येक लॅपटॉपवरची आज्ञा वेगळी झाली असती. माझा सारखेपणा गेला असता. 'नंतर करू' असं वहीत लिहिलं, आणि ते वाक्य चौदा महिने तसंच राहिलं.

वंदना मेश्राम अकरा नंबरचा लॅपटॉप वापरायच्या. त्यांचे वडील भिलाईला प्लांटमध्ये होते, घर मूळचं भंडाऱ्याकडचं. रसायनशास्त्रात एमेस्सी. वय तेव्हा अठ्ठावीसच्या आसपास. करार एकेका वर्षाचा, आणि त्या वर्षी साहेबांनी सांगितलं होतं की अहवाल पूर्ण झाला तर कायम करण्यासाठी नाव पाठवू. त्यांच्याकडे उरल्यामागचा एक पारा होता, म्हणजे वस्ती. तिथल्या एका घराच्या छतावर त्यांचं यंत्र होतं. बाया दिवसातून दोनदा भांडी पुसायच्या, वाळत घातलेले कपडे झटकून आत न्यायच्या, आणि वंदनाबाई आल्या की विचारायच्या, "दीदी, हमर पारा के धुर्रा कतका निकलिस?" धुर्रा म्हणजे धूळ, कतका म्हणजे किती. बाई सांगायच्या, एक वर्ष होऊ द्या, मग कागदावरच देते.

एक वर्ष, कारण नियम तसा होता. बारा महिन्यांची सलग मापं असली तरच अहवाल धरला जायचा. त्यातही हिवाळ्याचे महिने महत्त्वाचे. थंडीत धूळ वर जात नाही, खालीच बसून राहते.

चिठ्ठी समजावून सांगायला मी सगळ्यांना बोलावलं होतं, तेव्हा एकट्या वंदनाबाईंनी प्रश्न विचारला.

"भाऊ, दोन्ही डिस्का लावलेल्या असतानी लॅपटॉप बंद पडला अन् पुन्हा सुरू केला तर? तेव्हाही आधीची बी अन् नंतरची सीच राहीन का?"

प्रश्न बरोबर होता. इतका बरोबर की मला थोडा राग आला. मी म्हणालो, राहते, मी तपासलं आहे. तपासलं होतं, खोटं नव्हतं. दोन्ही डिस्का एकाच वयाच्या, एकाच बनावटीच्या होत्या. दहा वेळा बंद करून सुरू केलं, दहाही वेळा क्रम तोच आला. दहा वेळा आलं म्हणून अकराव्यांदा येईल असं धरलं. आकड्यांच्या माणसानं असं धरायला नको होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांची नकलेची डिस्क खराब झाली. मी नवी कोरी दिली आणि सांगितलं, शनिवारी सगळी मापं एकदम हिच्यावर उतरवून घ्या. ऑफिस दर चार महिन्यांनी मापं गोळा करायचं. नोव्हेंबरनंतरची सगळी तोवर फक्त त्यांच्या मापाच्या डिस्कवर होती.

शनिवारी मला सुट्टी होती. मी घरच्या पाण्याच्या टाकीत उतरून ब्रशनं टाकी घासत होतो. मंडळींनी फोन वरून धरला. वंदनाबाई होत्या.

"भाऊ, लाइट गेली होती अर्धा घंटा. लॅपटॉप बंद पडला, त्याची बॅटरी टिकतच नाही. आता सुरू केला. डिस्का तशाच लावल्या आहेत. काढून पुन्हा लावू का?"

"आधी माप लावली होती ना?"

"हव."

"मग करा सुरू."

एवढंच. एक मिनिटही नसेल. हात ओला होता, मंडळी वाकून फोन धरून उभी होती, आणि नळाला पाणी येईस्तोवर मला घासणं उरकायचं होतं. 'काढून पुन्हा लावा' म्हणायला तेवढाच वेळ लागला असता.

नक्कल व्हायला तासभर लागायचा. नंतर त्यांनी मला सांगितलं, त्या तासभर त्या छताच्या जिन्यावर बसल्या होत्या. घरच्या बाईनं चहा दिला. पडद्यावर आकडे पुढे सरकत होते आणि त्यांना बरं वाटत होतं, की चला, चार महिन्यांचं काम एकदाचं दोन जागी झालं. शेवटी पडद्यावर 'नक्कल पूर्ण' आलं. त्यांनी डिस्का काढल्या, पुसल्या, पिशवीत ठेवल्या.

सोमवारी सकाळी त्या ऑफिसात आल्या तेव्हा मी अजून खुर्चीत बसलोही नव्हतो. त्यांनी दोन्ही डिस्का माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"भाऊ, दोन्ही कोऱ्या दिसून राहिल्या आहेत. पाहा ना जरा."

मी पाहिलं. कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर झाली होती. पुसलेल्या फायली पुष्कळदा परत मिळवता येतात, तो आमच्या धंद्यातला नेहमीचा उद्योग आहे. पण माझी आज्ञा रिकामी जागाही उतरवायची. मी दोन दिवस डिस्क तपासली. एक माप मिळालं नाही. काही राहू नये अशी मी सोय केली होती आणि काही राहिलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी मी अकरा नंबरची नोंदवही काढली. लॅपटॉप स्वतःची रोजनिशी ठेवतो, कोणती डिस्क किती वाजता लागली, केव्हा बंद झालं, केव्हा सुरू झालं. त्यातल्या आठ ओळी मी कागदावर छापून घेतल्या. दहा बावन्नला मापाची डिस्क लागली. दहा त्रेपन्नला नकलेची. चिठ्ठीबरहुकूम. अकरा वाजून सात मिनिटांनी नोंद तुटते, तेव्हा लाइट गेली; आज्ञा तोवर चालवलेली नव्हती. अकरा एकतीसला लॅपटॉप पुन्हा सुरू. आणि आता नवी डिस्क जुनीच्या पावणेदोन सेकंद आधी जागी झालेली. नवी होती, चपळ होती. ती आधी सापडली म्हणून बी झाली. मापाची झाली सी. अकरा अडतीसला आज्ञा.

अकरा एकतीस आणि अकरा अडतीस यांच्या मधे माझा फोन होता. तो लॅपटॉपच्या रोजनिशीत नव्हता.

माझ्या स्वतःच्या वहीत त्याच लॅपटॉपपुढे माझ्याच अक्षरात आणखी एक ओळ सापडली: 'बॅटरी कमजोर, बदलणे.'

बुधवारी साहेबांनी बैठक बोलावली. घडी केलेला तो कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. साहेब चांगले होते, ओरडणारे नव्हते. त्यांनी वंदनाबाईंना विचारलं, काय केलं ते सांगा. बाईंनी सांगितलं, माप आधी, नक्कल नंतर, मग लाइट गेली, मग सुधाकरभाऊंना विचारून सुरू केलं. साहेब माझ्याकडे वळले. मला वाटलं फोनबद्दल विचारतील. त्यांनी ते विचारलं नाही.

"सुधाकर, तार उल्टे लग गए होंगे क्या? पहले नक्कलवाली?"

मी म्हणालो, "हो सकता है."

तीन शब्द. त्यात एकही शब्द खोटा म्हणता येणार नाही, असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगत होतो. वंदनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं त्या भांडतील. त्या भांडल्या नाहीत. आठवून पाहत असल्यासारख्या त्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या.

मी गप्प का राहिलो याचं एक कारण मी बरीच वर्षं वापरलं. तेलीबांध्याला फ्लॅट घेतला होता, मुलगी दहावीत होती, माझाही करार दर वर्षाचाच. हे सगळं खरं आहे आणि हे कारण नाही. कारण असं की ऑफिसात सगळे म्हणायचे, सुधाकर के काम में गलती नहीं निकलती. ते वाक्य मला सोडवेना.

अहवालावर 'अपूर्ण' असा शेरा आला. नवं वर्ष मोजायला मंजुरी मिळाली नाही आणि एप्रिलमध्ये यंत्र छतावरून उतरवलं. ते आणायला मीच गेलो होतो. पाऱ्यातल्या एका म्हातारीनं विचारलं, दीदी नहीं आइस? मी म्हणालो, नाही आल्या. कागदाचं तिनं विचारलं नाही. वंदनाबाईंचा करार मार्चअखेर संपला होता आणि पुढे वाढवला गेला नव्हता.

त्यानंतरच्या आठवड्यात मी सगळ्या लॅपटॉपांवर डिस्कांची खरी नावं घातली. अडतीस नावं. आज्ञा आता आधी नाव वाचायची, जुळलं नाही तर थांबायची. झाकणांवरच्या चिठ्ठ्या काढल्या. वेळ लावून पाहिला होता. पाच तास चाळीस मिनिटं लागली. माझा अंदाजही चुकला होता, चाळीस मिनिटांनी.

नंतर मी बऱ्याच ठिकाणी काम केलं, नवा रायपूरच्या मोठ्या इमारतींतही. माझ्या हाताखालच्या पोरांना मी पहिल्या दिवशी एकच शिकवायचो, टोकननं हाक मारायची नाही. ती पोरं विचारायची, इतना क्या सर, छोटी सी चीज है. मी कधी सांगितलं नाही.

तो कागद मी टाकला नाही. घराच्या कागदांच्या फायलीत, वीजबिलांच्या मागे ठेवला. दर मार्चला बिलं लावताना तो हाताला यायचा आणि मी तो पुन्हा मागे सरकवायचो. नऊ मार्च.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी तेलीबांध्याच्या तलावावर फिरताना मागून आवाज आला, "काय सुधाकरभाऊ, वळखलं नाही का?" वंदनाबाई. केस थोडे पांढरे झालेले, पायात कॅनव्हासचे बूट. लग्न झालं होतं, एक पोट्टी आहे, ती मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देते, माझ्या मुलीसारखीच. बाई आता पाणी तपासणीच्या एका प्रयोगशाळेत होत्या. त्या हसून बोलत होत्या आणि मला त्यातलं अर्धंच ऐकू येत होतं. मी विचारलं, दर रविवारी येता का? हव, म्हणाल्या.

पुढच्या रविवारी मी कागद घेऊन गेलो. तलावाकाठच्या बाकावर आम्ही बसलो. मी तो त्यांच्या हातात दिला. घडीवर फाटत आला होता. त्यांनी चष्मा काढला, तसाच हातात धरला आणि कागद डोळ्यांजवळ नेऊन आठही ओळी वाचल्या. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"दहा बावन्न," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी बरोबर लावली होती."

"बरोबर लावली होती. फोनही तुम्ही केला होता. चूक माझी होती, आणि मला ती बैठकीच्या आदल्या दिवशीच कळली होती."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "मले वाटे, लावतानी त्या बाईनं चहाचं विचारलं, तेव्हा हात चुकला असन. तुम्ही हो सकता है म्हटलं, तर मले वाटलं, भाऊ म्हणून राहिले म्हणजे असनच. तुमच्या कामात चूक निघत नसे ना." त्यांनी कागद घडीवर मिटला. "घरी मी गॅसचं बटण तीनदा पाहाते. लॅबमधी प्रत्येक बाटलीचा नंबर दोनदा. नवरा हासते मले. मी त्याले सांगते, एकदा मायी चूक झाली होती म्हणून."

मी माफी मागितली. शब्द सकाळी घरी जुळवून आणले होते, ते तिथे वेगळेच निघाले. त्यांनी 'जाऊ द्या भाऊ' म्हटलं नाही. ते त्यांनी म्हणायलाही नको होतं.

"काहून नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं. मी वर लिहिलं आहे तेच सांगितलं, फ्लॅटचं कारण वगळून.

त्यांनी पर्समधून पेन काढलं. कागद मांडीवरच्या पर्सवर सरळ केला आणि माझ्यापुढे धरला.

"खाली लिहून द्या, डिस्का बरोबर लागल्या होत्या. अन् सही करा. कोणाले दाखवायचं नाही. माझ्याजवळ राहीन."

मी लिहिलं. सही केली. तारखेच्या जागी पेन थांबलं. त्या मार्चमधल्या मंगळवारची तारीख मला पाठ होती, आणि मी ती लिहायला सुरुवातही केली होती. वंदनाबाईंनी कागदावर हात ठेवला.

"ती नका टाकू," त्या म्हणाल्या. "आजची टाका."

मी आजची टाकली.